पंधरावी खेळी

१

डाव जिंकून खेळाच्या दालनाबाहेर आलेल्या भूगोलाच्या मास्तरांनी खुंटीवरचा कोट अंगात चढवला, रुमालासाठी खिशात हात घातला, आणि रुमालाबरोबर चार घड्या घातलेला एक कागद जमिनीवर पडला. मास्तर वाकायच्या आत तो दुसऱ्याच कोणीतरी उचलला. नेमका हरलेल्या संघाच्या कप्तानाने.

त्याने घडी उलगडली. आधी चेहरा पांढरा पडला, मग लाल झाला, आणि मग तो असा ओरडला की आत अजून खेळत असलेली माणसं दचकून दाराकडे बघायला लागली.

"सापडला! चोर सापडला!"

कागदावर चौदा खेळ्या लिहिल्या होत्या. मास्तर आत्ताच ज्या खेळ्या खेळून आले होते त्याच, आणि त्यांना समोरून काय उत्तर येईल तेही. आलंही अगदी तसंच होतं.

समोर बसले होते दादा. त्यांना बुद्धिबळाचं सगळं जग दादाच म्हणतं. जगातल्या पहिल्या दहांतला खेळाडू, दुसरं मानांकन असलेल्या संघाचा पहिला पट, म्हणजे संघातला सगळ्यात भक्कम खेळाडू. मास्तर आठवड्यातले पाच दिवस शाळेत नद्यांचे उगम शिकवतात आणि रविवारी बुद्धिबळ खेळतात. त्यांच्या संघाचं मानांकन बहात्तरावं. असा माणूस दादांना हरवतो म्हणजे मांजराने हत्तीला झाडावर चढवल्यासारखंच. त्यात या सांघिक स्पर्धेतला दादांचा हा तिसरा पराभव. चौथ्या फेरीत एक विद्यार्थिनी, सहाव्यात एक सुतार, आता हे मास्तर. पहिल्या दोन वेळा दादा एवढंच म्हणाले होते, "त्यांना माझी तयारी ठाऊक होती." सहाव्या फेरीनंतर तर त्यांची तयारीची, म्हणजे आधी ठरवून ठेवलेल्या खेळ्यांची, वहीच नाहीशी झाली. लोक हळहळले होते. आता पुरावा हातात आला.

मी या स्पर्धेत खेळ्यांच्या नोंदी तपासायला होते. दोन्ही खेळाडूंनी लिहिलेले कागद जुळतात का, यंत्राने नोंदलेल्या वेळा बरोबर आहेत का, एवढंच माझं काम. त्याआधी एकतीस वर्षं गणित शिकवलं आणि बोर्डाचे पेपर तपासले, म्हणून सगळे मला बाई म्हणतात.

संध्याकाळी मुख्य पंचांनी बोलावलं. टेबलावर तो कागद होता.

"बाई, उद्या सुट्टीचा दिवस. पाचला समिती बसेल. मास्तरांवर जन्माची बंदी येणार हे नक्की. आणि दादांना खेळ्या शोधून देणारा तो तयारीवाला, त्याला कप्तानाने काढलंय. हॉटेलच्या दिवाणखान्यात, सगळ्यांसमोर, त्याची बॅग उपसली. उद्या चारच्या गाडीने रवानगी."

"मग माझं काय काम?"

"तुम्ही कॉपी पकडायचात ना?"

"पकडायचे. पण त्याहून जास्त वेळा, पकडलेला पोरगा निर्दोष असायचा." मी कागद हातात घेतला. डाव्या हाताने लिहिल्यासारखी वेडीवाकडी अक्षरं. पुन्हा पुन्हा वाचला. "साहेब, तयारी सहसा किती खेळ्यांची असते?"

"वीस. पंचवीस. का?"

"हा चोर चौदाव्यालाच का थांबला?"

 

२

सकाळी मास्तर त्यांच्या खोलीत पलंगाच्या कडेवर बसले होते. दाढी केलेली नव्हती.

"बाई, पोरांना कुठल्या तोंडाने सामोरा जाऊ? आमच्या शाळेत माझा डाव पडद्यावर दाखवत होते."

"कागद कुठून आला?"

"दाराखालून. काल सकाळी पावणेनऊला मी आंघोळ करून आलो तर पडलेला. मला वाटलं, आमच्या कप्तानाने टाकला असेल. तो असंच करतो, बोलत नाही, चिठ्ठ्या टाकतो. मी पाठ केला, खिशात ठेवला. खेळायला गेलो तेव्हा कोट बाहेर खुंटीवर होता, हे तुमच्या माणसाला विचारा."

विचारलं होतं. खरं होतं.

"मग खेळायला बसल्यावर काय झालं?"

"आठव्या खेळीपर्यंत सगळं पुस्तकी. मग कागदात होतं तसंच व्हायला लागलं. नवव्याला त्यांनी घोडा उचलला, दहाव्याला कॅसलिंग करून राजा कोपऱ्यात नेला.  माणूस समोर बसून माझा कागद वाचतोय असं वाटत होतं. चौदा खेळ्या झाल्या आणि कागद संपला."

"आणि पंधरावी?"

"पंधरावी त्यांची होती. ते विचार करत बसले. किती वेळ! मी दोनदा पाणी पिऊन आलो. मग त्यांनी प्यादं पुढे ढकललं. त्यानंतर जे काही खेळलो ते माझं मी. देवाशपथ, बाई."

मी वेळांचा कागद काढला. पहिल्या चौदा खेळ्या दोघांनी मिळून अकरा मिनिटांत खेळल्या होत्या. पंधराव्या खेळीला दादांनी अडतीस मिनिटं घेतली होती. मग मास्तरांनी एकतीस.

कागद संपल्यावर मास्तर थांबले, हे समजण्यासारखं होतं. पण दादा का थांबले?

३

तयारीवाला हॉटेलच्या दिवाणखान्यात स्वतःच्या बॅगेवर बसला होता. तिशीचा, चष्म्याची एक काडी चिकटपट्टीने जोडलेली. येणारेजाणारे त्याला वळसा घालून जात होते, फरशी ओली असावी तसे.

"अजून काही उपसायचं राहिलंय का?" त्याने विचारलं.

"मला फक्त तुमची फाइल बघायची आहे."

"कशाला? मी विकली म्हणतायत ना सगळे. सहा वर्षं दिवसाचे बारा तास या माणसासाठी राबलो. दुसऱ्या संघाने बोलावलं होतं, नाही गेलो. कप्तान म्हणतो, बोलावणं आलं होतं तेव्हाच विकला गेलास." तरीही त्याने लॅपटॉप उघडला. "ही बघा. बावीस खेळ्या."

"पंधरावी कोणती?"

"साधी आहे. उंट एक घर मागे. दोन सेकंदांची खेळी. तिथे प्यादं ढकललं की सगळंच उसवतं. दादांनी तेच केलं. का केलं, देव जाणे."

"ही वहीत उतरवली कोणी?"

"दादांनी. हाताने लिहिलं की लक्षात राहतं म्हणतात. मी स्वतः ओळ न् ओळ ताडून बघितली होती, चूक नव्हती. वही गेल्यावर म्हटलं, परत फाइल बघून घ्या. तर अंगावर आले. 'मला पाठ आहे,' म्हणाले." त्याने लॅपटॉप मिटला. "पूर्वी कधी आवाज चढवायचे नाहीत हो."

मी त्याच्याकडून फाइलची छापील प्रत घेतली आणि उठले. मागून कप्तान येऊन उभा राहिला होता. मोठ्या अंगाचा, कायम घाईत असलेला माणूस.

"बाई, याच्यावर वेळ घालवू नका. मी रात्रभर विचार केला. हा नसेलही." त्याने मला बाजूला घेतलं आणि आवाज खाली आणला. "दादाच्या खोलीची दुसरी किल्ली कोणाकडे आहे, माहितेय?"

४

दुसरी किल्ली धाकट्याकडे होती. धाकटा म्हणजे दादांचा सख्खा भाऊ, संघाचा दुसरा पट.

कप्तानाचं गणित सोपं होतं. दादा संघाबाहेर बसले तर धाकटा पहिल्या पटावर. आयुष्यभर भावाच्या सावलीत वाढलेला माणूस. वही नाहीशी व्हायच्या आधी घाईघाईत खोलीत शिरून ती चाळली, जेवढं डोक्यात मावलं तेवढं उतरवलं, म्हणून चौदाच खेळ्या. खरं सांगते, मलाही ते पटायला लागलं होतं. माझ्या प्रश्नाला मिळालेलं ते पहिलं उत्तर होतं.

धाकटा सरावाच्या खोलीत एकटाच पटासमोर बसला होता. सोंगट्या मांडल्या होत्या, हलवल्या नव्हत्या.

"कप्तानाने पाठवलं ना?" तो म्हणाला. "सकाळपासून माझ्याकडे असा बघतोय, जसं काही मी घरातलं तूप चोरून खाल्लंय."

"किल्ली तुमच्याकडे आहे."

"आहे. दादानेच दिली. या वेळी त्याने वेगळी खोली मागितली. वीस वर्षांत पहिल्यांदा. मी विचारलं, माझ्या घोरण्याचा आत्ता त्रास व्हायला लागला का? तर हसला नाही."

"तुम्ही वही बघितली होती?"

"बाहेरून. नाश्त्यालासुद्धा घेऊन यायचा. मला नवलच वाटलं. दादाला वही कशाला लागते? लहानपणी बाबा डाव एकदा दाखवायचे. मी दहा वेळा बघायचो, हा एकदा." त्याने वजीर उचलला, परत ठेवला. "बाबांनीच शिकवलं आम्हाला. शेवटी शेवटी ते आम्हा दोघांनाही त्यांच्या भावाच्या नावाने हाक मारायचे. दादा तेव्हा घरी होता, मी बाहेर शिकायला. त्याने सगळं एकट्याने काढलं."

"काल सकाळी पावणेनऊला कुठे होता?"

"खोलीत. एकटा. साक्षीदार नाही." तो माझ्याकडे सरळ बघत म्हणाला, "बाई, मला पहिला पट हवा होता. खोटं कशाला बोलू? पण असा नाही. आणि दादाला विचारा ना. तो म्हणेल, मी नाही केलं."

"तेच तर विचारायला चालले आहे," मी म्हटलं.

तासाभराने मी परत आले तेव्हा धाकट्याचा पहिला प्रश्न होता, "काय म्हणाला?" आणि मला त्याच्या डोळ्यांत बघून उत्तर देता आलं नाही.

५

कारण दादांनी नाही म्हटलं नव्हतं.

खोली नीटनेटकी होती. जरा जास्तच. आरशाच्या कडेला चिकटवलेल्या चिठ्ठ्या मी आत शिरताच त्यांनी काढल्या आणि मुठीत धरल्या. मग स्वतःच्या हाताने चहा करून दिला. बोलणं मऊ, अदबीचं.

"तयारीवाल्याने केलं असेल असं वाटतं?"

"सांगता येत नाही."

"धाकट्याने?"

ते खिडकीबाहेर बघत राहिले. खाली रस्त्यावर एक बाई कुत्र्याला ओढत नेत होती. 

"सांगता येत नाही," ते पुन्हा म्हणाले. "माणसाचं मन कोणाला कळलंय?"

"पंधराव्या खेळीला तुम्ही अडतीस मिनिटं घेतलीत."

"समोरचा माझी तयारी खेळत होता. डोकं ठिकाणावर कसं राहील?" ते गडबडीने उठले. "बसा ना. चहा घेणार का?"

माझ्या हातात कप होता. निम्मा प्यायलेला.

मी कपाकडे बघितलं. मग त्यांनी बघितलं. आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी एकतीस वर्षांत अनेकदा पाहिलंय. परीक्षेच्या वर्गात, बाकाखालचा कागद दिसल्यावर.

६

चारला वीस मिनिटं कमी होती. पंचांच्या खोलीत मी टेबलावर तीन कागद शेजारी शेजारी ठेवले. फाइलची प्रत, दाराखालून आलेली चिठ्ठी, आणि कालच्या डावाची नोंद. कप्तानही येऊन बसला होता.

"साहेब, कॉपी पकडताना एक गोष्ट शिकले. बरोबर उत्तरं सगळ्यांची सारखीच असतात, त्यावरून काहीच कळत नाही. चोर सापडतो चुकीच्या उत्तरात. दोन पोरांची एकच चूक, एकाच जागी. आता नववी आणि दहावी खेळी बघा. फाइलमध्ये काय आहे?"

पंचांनी बोट ठेवलं. "नवव्याला पांढऱ्याचं कॅसलिंग. दहाव्याला घोडा."

"चिठ्ठीत?"

"नवव्याला घोडा... दहाव्याला कॅसलिंग. उलटं आहे की!"

"ज्याने फाइल चोरली त्याने बरोबर क्रम लिहिला असता. ज्याने वही चोरली त्यानेही, कारण वही ओळ न् ओळ ताडून बघितली होती. ही चूक फाइलमध्ये नाही, वहीत नाही. मग आली कुठून? आता तिसरा कागद बघा. काल दादा प्रत्यक्ष पटावर काय खेळले?"

कप्तान पुढे वाकला. त्याचे ओठ हलले. मग तो खुर्चीत मागे टेकला.

"घोडा आधी," तो पुटपुटला. "चिठ्ठीतल्यासारखं."

"चिठ्ठी सकाळी टाकली, डाव दुपारी झाला. ही चूक त्या वेळी जगात एकाच जागी होती. दादांच्या डोक्यात. आणि चौदाचं कोडंही तिथेच सुटतं. चिठ्ठी लिहिणाऱ्याला चौदापर्यंतच येत होतं. दादा पटावर चौदापर्यंतच धडाधड खेळले. पंधरावी दोन सेकंदांची खेळी होती, तिला अडतीस मिनिटं लागली, आणि तरी चुकली. मास्तरांचा कागद जिथे संपला तिथेच दादांचंही पाठांतर संपलं होतं."

"पण स्वतःची तयारी कोणी स्वतःच फोडतं का?" कप्तान ओरडला.

"फोडतो. हरणं ज्याला पेलतं, पण का हरलो ते सांगणं पेलत नाही, तो फोडतो."

७

दार दादांनीच उघडलं. मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, "कपावरून ना?"

"नववी आणि दहावी. क्रम उलटा होता."

त्यांनी डोळे मिटून मनातल्या मनात दोन्ही खेळ्या करून पाहिल्या. "हो का?" ते म्हणाले. "मला अजूनही हाच बरोबर वाटतोय."

मग ते पलंगावर बसले आणि बोलत गेले. सुरुवात वर्षभरापूर्वी झाली. आधी नावं, मग घरी परतायचं वळण, मग खेळ्या. बाबांचं असंच सुरू झालं होतं, याच वयात. चौथ्या फेरीत ती विद्यार्थिनी समोर होती आणि बाराव्या खेळीनंतर डोक्यात नुसता भिंतीसारखा पांढरा रंग. तोंडातून निघून गेलं, 'तिला माझी तयारी ठाऊक होती.' सगळ्यांनी विश्वास ठेवला. इतका चटकन, की तो आधार वाटला.

"मग वही लपवलीत."

"लपवली. म्हणजे कोणी विचारणार नाही, वही असून कसं विसरलास." त्यांनी उशी उचलून खाली बघितलं. "कुठे लपवली ते आता आठवत नाही, बाई. तीन दिवस शोधतोय."

मी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले.

"ताप आल्याचं सांगून खोलीत बसायचंत."

"डॉक्टर आला असता ना. डॉक्टरने विचारलं असतं, आज वार कोणता." त्यांनी तळहात डोळ्यांवर दाबले. "मास्तरांना काही होईल असं मनातसुद्धा नव्हतं. चिठ्ठी त्यांनी पंचांकडे नेऊन दिली असती तरी माझं काम झालं असतं."

"आणि तयारीवाला? आणि सख्खा भाऊ? त्याचं नाव घेतलं तेव्हा एक 'नाही' नाही आलं तोंडून."

दारात धाकटा उभा होता. कधीपासून, ते मला कळलं नाही. पाठोपाठ आला असणार.

"मला चोर ठरू दिलंस," तो म्हणाला. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. "बाबांच्या वेळी एकट्याने काढलंस, मला कळवलं नाहीस. तेव्हाही वाटलं होतं, आपण या घरातले नाहीच की काय."

 खाली गाडीचा भोंगा वाजला. चार वाजले होते.

"आधी त्याला थांबव," धाकटा म्हणाला. "माझं नंतर."

८

दादा जिना धावत उतरले. तयारीवाल्याचा एक पाय गाडीत होता. दादांनी त्याचा हात धरला आणि हलक्या आवाजात सगळं सांगितलं. मी दोन पावलांवर होते. ऐकता ऐकता त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"सहा वर्षं, दादा. मला सांगितलं असतं तर मी चौदाच खेळ्यांची तयारी करून दिली असती. दहाचीसुद्धा."

"चुकलो रे. माफ कर."

"इथे नको." त्याने हात सोडवून घेतला. "माझी बॅग सगळ्यांसमोर उघडली होती."

पाचला समिती बसली. मास्तर निर्दोष सुटले. ते उलट म्हणत होते, मला हा गुण नको. मी त्यांना वेळांचा कागद दाखवला. "पंधराव्यापासून पुढचा डाव तुमचा आहे. दादाही अंधारात होते, तुम्हीही. वाट तुम्हाला सापडली." निकाल कायम राहिला. दादांवर दोन वर्षांची बंदी आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला शेवटची फेरी. दालनात सहाशे खेळाडू, सोंगट्या मांडलेल्या, घड्याळं थांबलेली. मुख्य पंचांनी ध्वनिक्षेपक दादांच्या हातात दिला. आधी नुसती खरखरच ऐकू आली.

त्यांनी कागद आणला होता. विसरू नये म्हणून लिहून. पहिलं वाक्य वाचलं, आणि कागद घडी करून खिशात टाकला.

"मी हरलो, कारण मी विसरायला लागलोय," ते म्हणाले. "कोणी काही चोरलं नाही. चिठ्ठी मी लिहिली. माझ्या तयारीवाल्याने आणि माझ्या भावाने माझं कधीच काही वाईट केलं नाही. मास्तर, तुम्ही चांगलं खेळलात."

 मग मागच्या रांगेत तो सुतार उभा राहिला. सहाव्या फेरीत जिंकलेला. त्याच्या शेजारचा, मग पुढचा. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. नुसते उभे राहिले, आणि दादा दाराबाहेर जाईपर्यंत उभेच होते.

धाकटा पहिल्या पटावर बसला. तयारीवाला गाडीने गेला नव्हता, त्याच्या मागच्या खुर्चीत येऊन बसला. कप्तानाने त्याच्यासाठी स्वतः पाणी आणून ठेवलं, हीच त्या माणसाची माफी असावी. धाकट्याने सहा तास झुंज देऊन डाव बरोबरीत सोडवला. संघ चौथा आला, पदक अर्ध्या गुणाने हुकलं.

नोंदींचा गठ्ठा घेऊन मी बाहेर आले तर दोघे भाऊ पायऱ्यांवर बसले होते. मध्ये एका माणसाची जागा रिकामी ठेवून.

"परवा अकराची वेळ घेतलीय," धाकटा समोर बघत म्हणाला. "डॉक्टरची. मी येतोय."

"कशाला? मी जाईन की एकटा."

"रस्ता विसरलास तर?"

दादांनी झटकन त्याच्याकडे बघितलं. मला वाटलं, आता बिनसलं. पण त्यांच्या खांद्यांना आधी हादरा बसला, मग हसू फुटलं, आणि मग दोघेही असे हसायला लागले की जाणारे लोक थांबून बघायला लागले. हसता हसता दादा रडायला कधी लागले ते समजलं नाही. धाकटा ती मधली जागा ओलांडून त्यांच्या शेजारी सरकला.